गाय उलटते, तेव्हा वळूचीही चौकशी हवी

धुळ्याचे देवपूर असो की साक्री-शिरपूरकडची खेडी, गाय उलटू लागली की पहिला दोष तिला आणि दुसरा रेतन करणाऱ्याला लागतो. जंताचे औषध, खनिज मिश्रण, पुन्हा तपासणी असे सगळे उपाय गोठ्यातच शोधले जातात. जिच्यामुळे गाय भरली त्या गोठित रेताच्या पाव मिलिलिटरच्या कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. तो मात्र क्वचितच कोणी वाचतो. मांसासाठी गुरे पाळणाऱ्या देशांत वेळेत न फळणारी गाय कळपातून काढून विकली जाते. महाराष्ट्रात २०१५ पासून संपूर्ण गोवंश हत्याबंदी असल्याने तो मार्ग बंद आहे. भाकड गाय दावणीलाच राहते आणि चारा खाते. म्हणूनच प्रजननक्षमतेची निवड आपल्याकडे वळूच्या टप्प्यावरच काटेकोर व्हायला हवी.

यावर रास्त आक्षेप असा, की खान्देशच्या उन्हाळ्यात, कोरड्या कडब्यावर जगणाऱ्या गायीचा माज मुका राहतो. त्यात आनुवंशिकता कुठे आली? आक्षेपात तथ्य आहे. गाभण राहण्यातल्या फरकांपैकी जेमतेम पाच टक्के आनुवंशिक असतात. बाकी सारा चारा, ऊन आणि माज ओळखण्याचा खेळ. पण सगळ्याच गुणांचे तसे नाही. गीर, कृष्णा खोरे अशा आपल्या जातींचे रक्त असलेल्या ब्राह्मन या मांसाच्या जातीवर ऑस्ट्रेलियात संशोधन झाले. कालवड वयात कधी येते, यातला सुमारे निम्मा फरक तिथे आनुवंशिक निघाला. शिवाय चाऱ्याचा परिणाम चाऱ्याबरोबर संपतो, वळूचा मात्र लेकीत आणि नातीत उतरतो. नॉर्वेने १९७०च्या दशकापासून वळू निवडताना लेकींची प्रजननक्षमता मोजली आणि तिथल्या लाल गायी दूध वाढूनही वेळेवर फळत राहिल्या.

उलट उदाहरण होल्स्टीनचे आहे. १९६२ साली अमेरिकेत जन्मलेल्या ‘चीफ’ या वळूच्या लेकी दुधाला उत्तम होत्या, म्हणून त्याचे रेत जगभर गेले. त्याच्या एका जनुकात मात्र दोष होता. आई-बाप दोघांकडून तो आला की गर्भ टिकत नाही. त्यातून जगभरात सुमारे पाच लाख गायी गाभडल्या, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. होल्स्टीनमधल्याच दुसऱ्या एका दोषात गर्भ चाळीस दिवसांच्या आसपास मरतो; शेतकऱ्याला एवढेच दिसते, की गाय उलटली. म्हणून गोठित रेत केंद्रांतल्या वळूंची गुणसूत्रे आणि ठरावीक जनुकदोष तपासण्याचा दंडक आपल्याकडेही आहे.

मग गावचा वळू बरा, असे कोणी म्हणेल. पण त्याची अशी तपासणी होत नाही आणि वर्षानुवर्षे तोच राहिला तर त्याच्याच लेकी त्याच्याकडून भरतात. तापीकाठच्या थिल्लारी खिल्लारची पारखही ओढकामावर झाली, वेताच्या अंतरावर नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीम जिल्ह्यात पंतप्रधानांच्या हस्ते देशी ‘गौ चिप’चे लोकार्पण झाले; तिच्यामुळे वासराच्या रक्तावरून त्याची आनुवंशिक कुवत आता ताडता येते. मात्र चिपला ताळा लागतो तो गोठ्यातल्या नोंदींचा. कानातल्या बिल्ल्याच्या क्रमांकावर रेतनाची नोंद चढवली आणि गाय फळली की उलटली हे लिहिलेच नाही, तर दोषी वळू निर्दोषच ठरत राहील.