लेखमाला : दीर्घ आजारासोबत जगताना – आरोग्यसाक्षरता आणि मेंदूच्या क्षमता

आरोग्याविषयीची माहिती मिळवणे, समजून घेणे, पारखणे आणि तिच्या आधारे स्वतःसाठी निर्णय घेणे म्हणजे आरोग्यसाक्षरता. अक्षरओळख हा तिचा केवळ एक भाग. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, दमा या आजारांत उपचाराचा मोठा भाग घरी, रुग्णाच्याच हातून होतो. त्यासाठी लक्ष, स्मरण, आकडेमोड आणि नियोजन या क्षमता रोज लागतात.

संचित आणि प्रवाही क्षमता

मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे दोन प्रकार सांगितले. आयुष्यभर साठलेले ज्ञान व शब्दसंपत्ती ही संचित क्षमता. नवी माहिती मनात धरून तिच्यावर विचार करणे ही प्रवाही क्षमता. पहिली उतारवयातही बरीच टिकते, दुसरी वयानुसार मंदावते. देहूसारख्या वारकरी गावात हा फरक स्पष्ट दिसू शकतो. ज्यांना हरिपाठ आणि गाथेतील कितीतरी अभंग मुखोद्गत आहेत, अशा आजोबांनाही नव्याने सुरू झालेल्या चार गोळ्यांच्या वेळा लक्षात ठेवणे जड जाते. पाठांतर चांगले म्हणून सूचना कळल्या असे धरणे चूक, आणि सूचना विसरल्या म्हणून माणूस अडाणी ठरवणे तर त्याहून चूक.

मायकेल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी शिकागोत ५५ ते ७४ वयाच्या ८८२ व्यक्तींचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. आरोग्यसाक्षरतेच्या चाचण्यांतील गुण आणि स्मरण, तर्क यांसारख्या क्षमता एकमेकांशी घट्ट जोडलेल्या असल्याचे त्यात आढळले. म्हणजे केवळ शिक्षण पाहून रुग्णाची समज ठरवता येत नाही.

वाचणे आणि करणे

अमेरिकेत २००६ मध्ये ३९५ रुग्णांना औषधांच्या डब्यांवरील सूचना दाखवल्या गेल्या. ‘दोन गोळ्या दिवसातून दोनदा’ ही सूचना कमी साक्षर गटातील ७०.७ टक्के रुग्णांनी बरोबर सांगितली. दिवसाच्या एकूण गोळ्या मोजून दाखवणे मात्र ३४.७ टक्के जणांनाच जमले. आपल्याकडच्या चिठ्ठीवरील ‘१-०-१’ या खुणेतही अशीच दडलेली पायरी आहे. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हा अर्थ रुग्णाला स्वतः लावावा लागतो.

एकादशीला ही अडचण वाढते. गोळी ‘जेवणानंतर’ घ्यायची, पण त्या दिवशी जेवणच नाही. मग काय करायचे? ग्लिमेपिराइडसारखी काही औषधे पोटात अन्न नसतानाही साखर उतरवतात. उलट साबुदाणा, बटाटा, रताळे यांचा भरपूर फराळ झाला तर साखर चढते. सूचना कितीही पाठ असली तरी अशा वेळी ती परिस्थितीला लावून पाहावी लागते. म्हणून उपवासाच्या दिवसाचे औषध डॉक्टरांकडून आधीच ठरवून घेणे गरजेचे.

तळवडे, चाकण, भोसरीच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्यांची अडचण वेगळी. पाळी बदलली की झोप, जेवण आणि ‘सकाळ’ यांची घडी बदलते. झोप अपुरी असेल तर तरुण माणसाचेही लक्ष आणि स्मरण ढिले पडते.

आजाराचा उलटा परिणाम

दीर्घ आजार स्वतःच या क्षमतांना धक्का देतात. मधुमेह आणि उच्च रक्तदाबाने मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांची हानी होऊ शकते. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की घाम आणि थरथर सुरू होऊ शकते. ती आणखी उतरली तर गोंधळ उडतो, आणि साखर खायला हवी हे सुचण्याची शक्तीच कमी होते. नैराश्यानेही एकाग्रता घटते. भारतातील साठीपुढील सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्यामुळे वेळेवर औषध घेणाऱ्या रुग्णाकडून अचानक चुका होऊ लागल्या तर त्याला निष्काळजी न ठरवता तपासणी करून घ्यावी.

सांगण्याची पद्धत

डॉक्टरांनी सांगितलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के भाग रुग्ण लगेच विसरतात, आणि माहिती जितकी जास्त तितके विसरणेही जास्त, असे रॉय केसेल्स यांच्या २००३ मधील आढाव्यात नमूद आहे. म्हणून एका भेटीत दोन-तीनच मुद्दे सांगावेत, महत्त्वाचा आधी सांगावा आणि तोच मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा. ‘समजलं का?’ या प्रश्नाला बहुतेक जण संकोचाने ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी ‘काका, घरी गेल्यावर ही गोळी कधी आणि कशी घेणार, सांगा बरं’ असे विचारले की चूक तिथेच सापडते. सॅन फ्रान्सिस्कोतील २००३ च्या एका अभ्यासात, ज्या मधुमेही रुग्णांकडून डॉक्टरांनी असे वदवून घेतले, त्यांची साखर अधिक आटोक्यात असल्याचे दिसले.

गोळी रोजच्या ठरलेल्या कामाला जोडल्यास स्मरणावरचा भार हलका होतो. सकाळचा चहा किंवा सायंकाळचा हरिपाठ ही ठरलेली वेळ असते. पाळीच्या कामगाराला घड्याळाऐवजी झोपेतून उठण्याची आणि डब्याची वेळ धरून, डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळापत्रक आखून द्यावे. आठवड्याच्या कप्प्यांची डबी आणि तपासणीला सोबत येणारा घरचा एक माणूस यांचाही मोठा आधार होतो. तिशीपुढील लोकांची माहिती घ्यायला घरोघरी जाणाऱ्या आशाताईंना गोळ्या कशा घेतल्या जातात हे प्रत्यक्ष पाहता येते. रुग्णाची क्षमता ओळखून सूचना सोपी करणे हा उपचाराचाच भाग आहे, आणि त्याची पहिली जबाबदारी सांगणाऱ्यावर आहे.