नोंद जिथे, जोडणी तिथे

मध्य रेल्वेचा मुंबई विभाग इगतपुरीला संपतो आणि पुढे भुसावळ विभाग लागतो, त्यामुळे थळ घाट चढून आलेली गाडी येथे एका नियंत्रण कक्षाकडून दुसऱ्याकडे सोपवली जाते. मात्र कोणत्याही क्षणी तिचा ताबा एकाच नियंत्रकाकडे असतो. या स्थानकाच्या आरक्षण खिडकीतून निघणाऱ्या प्रत्येक मागणीलाही असाच एक, आणि एकच, धनी असतो. तो कोण हे ठरवून मागणी त्याच्यापर्यंत नेण्याचे काम संगणक इतक्या झटपट उरकतात की रांगेतल्या प्रवाशाला त्याची जाणीवही होत नाही.

खिडकीआडचा लिपिक प्रवाशाने भरून दिलेला अर्ज समोर ठेवून गाडीचा क्रमांक, तारीख, वर्ग आणि कुठून-कुठे ही माहिती टंकतो. इगतपुरीसाठी ‘आयजीपी’ ही तीन अक्षरे पुरतात. मनमाडहून मुंबईला जाणारी १२११० पंचवटी असो, नांदेडहून येणारी १७६१८ तपोवन असो, की हावड्याहून नागपूरमार्गे येणारी मुंबई मेल असो, त्याच्या बोटांची हालचाल तीच राहते. पडद्यामागे मात्र तिन्ही मागण्यांच्या वाटा फुटतात, कारण पंचवटीच्या जागांची वही मुंबईच्या संगणक केंद्रात, तपोवनची सिकंदराबादच्या आणि हावड्याच्या गाडीची कोलकात्याच्या केंद्रात, अशी ही विभागणी आहे. तिकिटावरच्या दहा आकडी पीएनआरमध्येही या मुक्कामाची खूण सापडते: मुंबई केंद्राचे क्रमांक सहसा ८ किंवा ९ ने सुरू होतात, तर सिकंदराबादचे १ ने. एकाच गाडीची वही दोन ठिकाणी ठेवली, तर उरलेला शेवटचा बर्थ एकाच क्षणी दोन खिडक्यांवरून विकला जाण्याचा धोका उभा राहतो. म्हणून वही एक आणि तिच्यापर्यंत जाणाऱ्या वाटा अनेक, ही मांडणी स्वीकारावी लागते.

ही मांडणी पहिल्यापासून नव्हती. संगणकीकृत आरक्षणाची सुरुवात १९८५ मध्ये नवी दिल्लीत झाली, पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद येथेही केंद्रे उभी राहिली. पण ती पाचही एकमेकांशी जोडलेली नव्हती, आणि दुसऱ्या केंद्राच्या गाडीचे परतीचे आरक्षण हवे असेल तर जुन्या पद्धतीने तार पाठवून उत्तराची वाट पाहावी लागे. १९९९ च्या एप्रिलमध्ये ‘कॉन्सर्ट’ या प्रणालीने पाचही केंद्रे एका जाळ्यात आणली. रेल्वेच्या ‘क्रिस’ या संस्थेने घडवलेल्या या प्रणालीत निरोपांची ने-आण ‘रिलायबल ट्रान्झॅक्शन राउटर’ या, डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या, मध्यस्थ सॉफ्टवेअरकडे सोपवण्यात आली.

या मध्यस्थाचे तीन थर असतात. पुढच्या थरावर मागणी स्वीकारली जाते, मागच्या थरावर प्रत्यक्ष नोंदी बदलणारे प्रोग्राम असतात, आणि मधला राउटर निरोपातील ठरावीक मजकूर वाचून तो मागच्या कोणत्या प्रोग्रामच्या वाट्याचा आहे हे ठरवतो. मागणी करणाऱ्या प्रोग्रामला पत्ता माहीत असण्याची गरज उरत नाही. याहून मोलाची गोष्ट अशी की व्यवहार पूर्ण तरी होतो किंवा अजिबात होत नाही. मधेच यंत्र बंद पडले, तर मागच्या थराने आधीच लिहून ठेवलेल्या रोजनाम्यावरून अर्धवट व्यवहाराचा निकाल लावला जातो. घाटातल्या पावसाळ्यात जिथे तारा आणि रूळ दोन्ही संकटात येतात, तिथल्या खिडकीला या हमीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

बँका आणि विमा कंपन्यांच्या मेनफ्रेमवर, म्हणजे अवाढव्य हिशेब अखंड चालवणाऱ्या मोठ्या संगणकांवर, निरोप नेमक्या धन्यापर्यंत पोहोचवण्याचा हाच प्रश्न अधिक गुंतागुंतीच्या रूपात येतो, आणि पुण्या-मुंबईचे अनेक अभियंते आपला दिवस त्यातच घालवतात. तेथे आयबीएमचे, १९९३ मध्ये ‘एमक्यूसिरीज’ नावाने आलेले आणि आज ‘आयबीएम एमक्यू’ म्हणून ओळखले जाणारे सॉफ्टवेअर निरोप रांगेत जपून ठेवते, आणि या रांगा सांभाळणाऱ्या प्रोग्रामला क्यू मॅनेजर म्हणतात. मेनफ्रेमवर त्याचे नाव जास्तीत जास्त चार अक्षरांचे असते. रात्रीचा बॅच जॉब हे नाव स्वतः देतो, आणि जागा कोरी सोडली तर यंत्रणेत ठरवून ठेवलेल्या क्यू मॅनेजरला जाऊन मिळतो. दिवसाचे व्यवहार चालवणाऱ्या ‘सिक्स’ (सीआयसीएस) या वातावरणात हा निर्णय प्रोग्रामच्या हाती नसतो. तेथे सिक्सचा अख्खा रीजन, म्हणजे त्याची एक चालू प्रत, एका वेळी एकाच क्यू मॅनेजरशी जोडलेला असतो आणि आतील सर्व प्रोग्राम तीच जोडणी वापरतात. मेनफ्रेमवरच्याच ‘आयएमएस’ या दुसऱ्या वातावरणात मात्र एकाहून अधिक क्यू मॅनेजरशी नाते ठेवता येते.

जोडणी फसली की यंत्रणा आकड्यांत बोलते. २०५८ म्हणजे दिलेल्या नावाचा क्यू मॅनेजर ओळखीचाच नाही. २०५९ म्हणजे तो सध्या उपलब्ध नाही. २०८५ म्हणजे जोडणी झाली, पण मागितलेली रांग तेथे नाही. हे तिन्ही आकडे हितकारकच म्हटले पाहिजेत, कारण ते काम तिथल्या तिथे थांबवतात. खरी भीती असते ती आकडा न येण्याची: टेस्ट (चाचणी) आणि प्रॉडक्शन (प्रत्यक्ष काम) अशा दोन्हीकडे एकाच नावाची रांग असेल आणि जॉबमध्ये क्यू मॅनेजरचे नाव कोरे राहिले असेल, तर निरोप भलत्याच रांगेत सुरळीत जाऊन बसतो आणि सारे काही यशस्वी झाल्याची नोंद होते.

एकच क्यू मॅनेजर बंद पडून सारे अडू नये, यासाठी अनेक क्यू मॅनेजरांचा गट करून रांगा सामाईक ठेवण्याची सोय आहे. मग प्रोग्रामने किंवा सिक्सने गटाचे नाव दिले की त्याच यंत्रावरचा गटातील कोणताही चालू सदस्य जोडणी घेतो. पण निरोप काढून घेतला, खात्यात रक्कम बदलली आणि दोन्हींवर शिक्कामोर्तब होण्याआधीच जोडणी तुटली, तर त्या व्यवहाराचा उलगडा एरवी त्याच मूळ सदस्याकडून व्हावा लागतो, कारण अर्धवट नोंद त्याच्याच रोजनाम्यात असते. म्हणून सिक्सच्या व्याख्येत ‘रीसिंकमेंबर’ नावाचा पर्याय असतो, आणि तो ‘येस’ असेल, तर असे अर्धवट व्यवहार शिल्लक असताना शेजारी दुसरा सदस्य मोकळा असूनही सिक्स जुन्या सदस्याच्या परतण्याची वाट पाहत थांबते. कामाचा खोळंबा नको म्हणून हा पर्याय घाईने ‘नो’ करण्याचा मोह अनेकांना होतो. तसे केल्यावर सिक्स जुन्या सदस्याशी एकदाच प्रयत्न करून दुसऱ्याकडे वळते, नवे व्यवहार लगेच सुरू होतात, आणि मागचे अर्धवट व्यवहार मात्र मूळ सदस्याशी पुन्हा गाठ पडेपर्यंत, किंवा कोणी जाणकार त्यांचा हाताने निकाल लावेपर्यंत, तसेच अडकून राहतात.