मुलाचें उघडें तोंड

रात्रीं निजानीज झाल्यावर नाचणगांवच्या कोणत्याहि भरल्या घरांत पांच-सात मुलें एका ओळीनें निजलेलीं दिसतील. त्या ओळीकडे जरा निरखून पाहावें. एखाद्या मुलाचें तोंड उघडें असतें, ओंठ सुकलेले असतात, उशी लाळेनें भिजलेली असते आणि श्वास घोरल्यासारखा वाजत असतो. सकाळीं हेंच मूल आळसावलेलें उठतें, शाळेंत त्याचें लक्ष लागत नाहीं, आणि घरांतील वडील मंडळी ‘तोंड मीट रे, वेंधळ्यासारखा काय बसतोस!’ म्हणून त्याच्यावर खेंकसतात. खेंकसण्यानें तोंड मिटत असतें, तर हा लेख लिहिण्याचें आम्हांस कारणच पडलें नसतें.

ओंठ, जीभ, गाल व जबडा ह्यांच्या स्नायूंना योग्य वळण लावण्याची एक विद्या आहे. तिला आपण मुखस्नायुचिकित्सा म्हणूं. अमेरिकेंतील दंतवैद्य आल्फ्रेड रॉजर्स ह्यांनीं १९१८ सालीं दांतांच्या उपचारास स्नायूंच्या व्यायामाची जोड द्यावी असें प्रतिपादन केलें. पुढें १९७२ सालीं ह्या विद्येच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. मूळ तत्त्व सोपें आहे. स्वस्थ बसलेल्या मनुष्याचे ओंठ मिटलेले असावेत, श्वास नाकानें चालावा, आणि जिभेचें टोंक वरच्या दांतांच्या मागें, ‘ल’ म्हणतांना जेथें लागतें तेथें, टेंकलेलें असावें. कंठ, तालु, मूर्धा, दंत, ओष्ठ हीं वर्णांचीं स्थानें ज्या घरांत लहानपणींच शिकवितात, त्या घरांस जिभेच्या जागेचें महत्त्व निराळें सांगावयास नको. घांस चावतांना पडणारा मोठा पण क्षणिक दाब दांत सोसतात. परंतु सौम्य व अखंड दाबानें ते हळूहळू सरकतात. जीभ रात्रंदिवस पुढच्या दांतांवर रेंगाळत राहिली, किंवा अंगठा तासन्‌तास तोंडांत राहिला, म्हणजे वरच्या व खालच्या दांतांमध्यें फट पडूं लागते.

‘मग व्यायाम आजपासूनच सुरू करूं काय?’ असा प्रश्न पालक प्रथम विचारतील. आमचें उत्तर ‘नाहीं’ असें आहे. आधीं कारण शोधावें. नाकाच्या मागें, घशाच्या वरच्या भागांत एक ग्रंथि असते. बालपणीं ती फार वाढली, किंवा कायमच्या सर्दीनें नाक चोंदलें, तर मूल तोंडानें श्वास घेतें तें खोडीनें नव्हे, गरजेनें. अशा मुलास तोंड मिटावयास सांगणें म्हणजे दार बंद असतांना खिडकीहि लावून घेण्यासारखें आहे. निजतांना तोंडाला पट्टी चिकटविण्याचें जें नवें वेड निघालें आहे, तें मुलांच्या बाबतींत कोणींहि अनुसरूं नये. झोपेंत श्वास मध्येंच थांबून मूल दचकत असेल, तर व्यायामाच्या गोष्टी बाजूला ठेवून त्यास कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे विनाविलंब न्यावें. कांहीं मुलांच्या जिभेखालचा पडदा आंखूड असतो व जीभ वर पोंचतच नाहीं. तेंहि तपासून घ्यावें.

हाच नियम मोठ्यांनाहि लागू आहे. आपल्या विदर्भांत सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा खाऊन किती तरुणांचें तोंड दोन बोटेंहि उघडेनासें होतें! दंतवैद्य त्यांना जबड्याचे व्यायाम शिकवितात, पण सुपारी सुटल्यावांचून त्या व्यायामांचा फारसा उपयोग नाहीं. शिवाय ह्याच विकारांतून पुढें कर्करोग होण्याची भीति असते.

दुसरा प्रश्न, हें शिकवील कोण? हें काम बहुधा वाचाचिकित्सक किंवा दंतवैद्यच आपल्या मूळ विद्येला जोडून करतात. १९९२ च्या पुनर्वास परिषद कायद्यानें वाचाचिकित्सकांच्या नोंदणीची व्यवस्था केली. तेव्हां शिकविणाऱ्याची पदवी व नोंदणी विचारण्यांत संकोच धरूं नये. चार दिवसांचा वर्ग करून आलेला मनुष्य आणि पदवीधर ह्यांत भेद आहे. नाचणगांवच्या माणसास फार दूर जावें लागत नाहीं. पुलगांव लागूनच आहे, आणि तेथून आगगाडीनें वर्धा गांठतां येतें. वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) येथें दंतमहाविद्यालय व मोठें रुग्णालय आहे, सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे; आणि त्याहिपुढें नागपूरचें शासकीय दंतमहाविद्यालय आहे. जातांना मुलाच्या झोपेचें व घोरण्याचें टिपण आठवडाभर लिहून न्यावें. डॉक्टरांचा अर्धा वेळ वांचतो.

तिसरा प्रश्न वयाचा. अंगठा चोखण्याची संवय बहुतेक मुलांची दोन ते चार वर्षांच्या दरम्यान आपोआप सुटते. तेव्हां तान्ह्या वयांत कडू औषध लावण्याची घाई नको. पुढचे कायमचे दांत येऊं लागले, म्हणजे सुमारें सहाव्या-सातव्या वर्षीं, संवय टिकून असेल तर मात्र लक्ष घालावें. व्यायामासाठीं मुलाला सांगितलेलें समजलें पाहिजे व तें त्याला स्वतःला करावेसें वाटलें पाहिजे.

व्यायाम कसले? जीभ टाळूला चिकटवून धरणें. गाडीवान बैलांना हांकतांना करतो तसा टक्‌टक्‌ आवाज काढणें. ओंठ मिटून नाकानें सावकाश श्वास घेणें. पाण्याचा घोट जीभ दांतांना न लावतां गिळणें. कोणता व्यायाम कोणास, हें शिकविणाऱ्यानें ठरवावें. आठवड्यांतून एकदां अर्धा तास करण्यापेक्षां रोज दोनदां पांच मिनिटें केलेलें बरें. महिन्याभरांत चमत्कार होत नाहीं. नवें वळण अंगवळणीं पडावयास कित्येक महिने लागतात.

गुण येतो काय? प्रामाणिकपणें सांगावयाचें तर ह्या विषयावरील प्रयोग अद्याप लहान आहेत. २००९ सालीं ब्राझीलमध्यें, झोपेंत श्वास अडणाऱ्या ३१ प्रौढांवर असा प्रयोग झाला. तीन महिने जिभेचे व घशाचे व्यायाम करणारांचा विकार सरासरीनें सुमारें चाळीस टक्क्यांनीं कमी झाला. तो नाहींसा झाला नाहीं, हें लक्षांत ठेवावें. दांत सरळ करण्यास तारेची गरज असेल तर ती राहतेच. पण तारेनें सरळ केलेले दांत जीभ पुन्हां लोटूं नये, म्हणून व्यायामाची जोड उपयोगी पडूं शकते.

शेवटचा प्रश्न आम्हीच विचारतों. घरांत हें काम कोणी अंगावर घ्यावयाचें? एकत्र कुटुंबांत आई अंगठा काढावयास सांगते, आजी कींव येऊन ‘राहूं दे’ म्हणते, आणि काका चारचौघांत थट्टा करतात. मूल कोणाचेंच ऐकत नाहीं. म्हणून घरांतील एकाच शांत माणसानें, मग ती आत्या असो वा आजोबा, हा भार घ्यावा. संध्याकाळीं शुभंकरोति झाल्यावर पांच मिनिटें आरशापुढें मुलाबरोबर स्वतःहि बसावें. इतरांनीं एवढेंच करावें, कीं थट्टा करूं नये. ज्याला आपण वेंधळा म्हणत होतों, त्याला रात्रभर पुरता श्वासच मिळत नव्हता, असें कदाचित् तपासणींत निघेल. तसें निघालें, तर प्रथम त्या मुलाला जवळ घ्यावें. व्यायाम दुसऱ्या दिवसापासून सुरू केले तरी चालतील.