जलरंगातले व्यक्तिचित्र : समज आणि वस्तुस्थिती

जलरंग निसर्गचित्राला ठीक, हुबेहूब चेहरा हवा तर तैलरंगच लागतात, अशी समजूत आहे. तिला चोख उत्तर म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात टांगलेले आहे. सा. ल. हळदणकर यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे १९४५-४६ च्या सुमाराचे चित्र जलरंगात आहे. दिव्याच्या ज्योतीवर तळहात धरून उभी असलेली तरुणी म्हणजे त्यांची मुलगी. बोटांच्या कडांमधून झिरपणारा तांबूस उजेड पाहून अनेक जण हे चित्र राजा रविवर्मांचे समजतात. रविवर्मा तर १९०६ सालीच निवर्तले होते.

असा उजळपणा पांढऱ्या रंगाने येतो, हा पुढचा गैरसमज. जलरंगाचे कण डिंकात बांधलेले असतात आणि थर पातळ असतो. उजेड त्या थरातून कागदापर्यंत जाऊन परततो, म्हणजे चेहऱ्यावरचे तेज मुळात कागदाचे असते. त्वचेच्या रंगात पांढरा कालवला की ती पिठूळ दिसते. म्हणून नाकाच्या शेंड्यावरची चमक पहिल्या वॉशपासूनच, म्हणजे पहिल्या पातळ रंगथरापासूनच, कोरी सोडतात. अर्थात हा काही सोवळ्याचा नियम नव्हे. चित्रकार जॉन सिंगर सार्जंटने जलरंगांत अपारदर्शक पांढराही वापरला.

समजा, एखाद्या मित्राचे व्यक्तिचित्र काढायचे आहे. ‘स्किन’ असे लिहिलेली ट्यूब त्याच्या चेहऱ्याला पुरत नाही, कारण एकाच चेहऱ्यावर अनेक छटा असतात. साधारणपणे कपाळ पिवळसर, गाल, नाक आणि कान तांबूस, तर हनुवटीच्या आसपास, विशेषतः दाढी केलेली असेल तर, करडी-निळसर झाक दिसते. सावळ्या वर्णासाठी यलो ऑकर, बर्न्ट सायना आणि अल्ट्रामरीन एवढ्यावर बरेच भागते. सायना आणि अल्ट्रामरीन मिसळून गडद छायाही मिळते. काळ्याने ती निर्जीव होते.

साम्य डोळ्यांत असते असे मानून नवशिके पापण्यांपासून सुरुवात करतात. पण डोळे नीट दिसण्याआधीच मित्र लांबून ओळखू येतो. ओळख पटते ती डोळ्यांच्या खोबणीतली सावली, गालाचे हाड, जबड्याचा कोन यांच्या प्रमाणांवरून. डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात. नवशिक्यांच्या चित्रात ते हमखास वर सरकतात आणि कपाळ आखूड होते. ओळखीचा चेहरा सोपा हेही तितकेसे खरे नाही, कारण हात समोरचे सोडून आठवणीतले काढू लागतो. डोळे किलकिले करून पाहिले की तपशील पुसट होतात आणि उजेड-सावलीचे मोठे आकार तेवढे उरतात.

जलरंगात चूक सुधारत नाही, हे अर्धेच खरे. सुती, चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या कागदावरून अल्ट्रामरीन ओलसर ब्रशने बऱ्यापैकी उचलता येतो. थॅलो निळा मात्र कागद धरून बसतो. खरे नुकसान होते ते अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये पुन्हा पाणी घातल्याने. तिथे दातेरी कडांचे डाग उमटतात. शिवाय रंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून ओला असताना तो थोडा गडदच वाटायला हवा.

मित्र बसायला तयार नसेल तर फोटो चालतो. फक्त हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात, आणि फ्लॅशने सावल्याच नाहीशा होतात. दीड-दोन मीटरवरून, खिडकीच्या एका बाजूच्या उजेडात काढलेला फोटो त्यामानाने विश्वासार्ह ठरतो.