विंडोज १० वरून ११ : अपग्रेड आणि क्लीन इन्स्टॉल

अपग्रेड : जुन्या विंडोजवरच नवी चढते. फाइली, प्रोग्रॅम, बहुतेक सेटिंग्ज जागच्या जागी. जुनी विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डरमध्ये सरकते. मागे फिरायला साधारण १० दिवस. सी ड्राइव्हमधली जागा एकाएकी आटली, तर आधी हा फोल्डर बघावा.

क्लीन इन्स्टॉल : किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून. निवडलेलं पार्टिशन पुसून विंडोज नव्याने बसते. डी ड्राइव्हला हात लावला नाही, तर तिथलं शाबूत. मात्र डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे सहसा सी ड्राइव्हवरच असतात (हे अनेकांना फॉरमॅटनंतर कळतं). प्रोग्रॅम पुन्हा टाकावे लागतात, प्रिंटरचा ड्रायव्हरही बहुधा.

तारखा
• विंडोज १० : २९ जुलै २०१५
• विंडोज ११ : ५ ऑक्टोबर २०२१
• विंडोज १० चा मोफत सपोर्ट बंद : १४ ऑक्टोबर २०२५. त्यानंतर कॉम्प्युटर चालतो; नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबतात.

११ साठी किमान : ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूटची सोय, टीपीएम २.०. जुने कॉम्प्युटर अडतात ते बहुतेक टीपीएमवर किंवा प्रोसेसरवर; इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचेच यादीत आहेत. टीपीएम काही वेळा असतो, पण बायोसमध्ये बंद असतो.

३२ बिट : ११ फक्त ६४ बिटमध्ये. ३२ बिट विंडोजवरून थेट अपग्रेड होत नाही. प्रोसेसर ६४ बिट असला तरी क्लीन इन्स्टॉलच.

लायसन्स : डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेलं. त्याच कॉम्प्युटरवर तीच आवृत्ती (होम किंवा प्रो) टाकल्यास सहसा की लागत नाही.