डबी अस्सल, पण आत काय?

कानात वायरलेस बड्स, हातात लेटेस्ट फोन आणि रात्री दीड वाजता ईबेवर बोली कशावर? तर साठेक वर्षं जुन्या, मुठीत मावणाऱ्या एका डबीवर! बेडरूमचा स्टुडिओ करणाऱ्या पोरांना व्हिंटेज ऑडिओ ट्रान्सफॉर्मरचं भलतंच वेड आहे. निकेलमिश्रित पत्र्यांचा गाभा आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे, एवढाच ऐवज. माइकचा इवलासा सिग्नल एका बाजूनं शिरतो, दुसरीकडून वाढून बाहेर पडतो आणि जाता जाता आवाजाला वजन येतं. डेव्ह ग्रोलची २०१३ ची ‘साउंड सिटी’ ही डॉक्युमेंटरी पाहिली असेल, तर निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ ज्यावर रेकॉर्ड झाला तो नीव्ह कन्सोल आठवत असेलच. त्या काळातले कितीतरी कन्सोल आज सुट्या भागांच्या रूपात विकले जातात.

प्रॉब्लेम असा, की यातल्या बहुतेक डब्या उघडून बघता येत नाहीत. आत मेण किंवा डांबरासारखा मसाला ओतलेला असतो. तो खरवडला की किंमत गेली. मग उरतं काय? लेबल आणि विकणाऱ्याची जबान.

जाहिरातीतलं ‘टाइप’ किंवा ‘स्टाइल’ हे शेपूट आधी बघा. ‘नीव्ह टाइप’ म्हणजे नीव्ह नव्हे! १९७० च्या नीव्ह १०७३ मध्ये आउटपुटला एलओ-११६६ हा ट्रान्सफॉर्मर असे, मॅरिनएअर किंवा सेंट आइव्ह्ज या छापाचा. तोच वारसा सांगणारे नवे ट्रान्सफॉर्मर कार्नहिल बनवते. ते उत्तम आहेत, फक्त ते व्हिंटेजच्या भावात घेऊ नका. आणि या जागी दुसरा कुठलाही ‘तसाच दिसणारा’ चालत नाही, कारण इथल्या ट्रान्सफॉर्मरमधून डीसी करंटही वाहतो. म्हणून त्याच्या गाभ्यात मुद्दाम बारीक फट ठेवलेली असते. फट नसेल तर गाभा लगेच तृप्त होतो आणि आवाज फाटतो.

गिटार ॲम्पवाल्यांचं काम त्या मानानं सोपं. जुन्या फेंडरच्या ट्रान्सफॉर्मरवर बऱ्याचदा आकडे छापलेले सापडतात. ६०६ म्हणजे शूमाकर कंपनी. त्यापुढे ५३९ असेल, तर ५ हा वर्षाचा शेवटचा आकडा आणि ३९ वा आठवडा. आता हे १९५५, १९६५ की १९७५? ते आकडा सांगत नाही, ॲम्पचं मॉडेल सांगतं. फोटो मागताना खालच्या बाजूचा, टर्मिनलचा मागा. डाग मारलेले ताजे चकचकीत दिसले, तर कोणीतरी हात घातलाय.

खरी गंमत न्यूयॉर्कच्या युनायटेड ट्रान्सफॉर्मर कंपनीच्या, म्हणजे यूटीसीच्या मालात आहे. ज्या एलए-२ए कॉम्प्रेसरवर स्टुडिओवाले जीव टाकतात, त्यात शिरताना एचए-१००एक्स आणि निघताना ए-२४ असे यूटीसीचेच तुकडे होते. त्यांच्या ए सिरीजमधला ए-१० माइकचा सिग्नल वाढवतो. ए-२० लाइनवरून लाइनवर जसाच्या तसा नेतो. डबी दोघांची सारखी! लेबलं बदलायला किती वेळ लागतो?

माझा एक मित्र दिवसा हिंजवडीत कोड लिहितो, रात्री कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बँडची गाणी रेकॉर्ड करतो. त्यानं दिवाळीचा बोनस घालून ए-१० ची जोडी मागवली. ईबेनं भारतातलं दुकान २०१८ मध्ये गुंडाळलं, त्यामुळे माल थेट अमेरिकेतून; शिपिंग वेगळं, कस्टम्स वेगळं. पार्सल फुटल्यावर रूममेटनं मल्टिमीटर ओहमवर लावायला घेतला, तर हा ओरडलाच. बरोबर होतं त्याचं. ओहम मोजताना मीटर डीसी करंट सोडतो. माइक ट्रान्सफॉर्मरचा नाजूक निकेल गाभा त्यानं चुंबक होऊन बसू शकतो आणि डिस्टॉर्शन वाढतं. (तसं झालंच, तर एसी सूर देऊन तो हळूहळू शून्यावर आणतात.) शिवाय दोन-चार वेढे आतल्या आत शॉर्ट झाले असले, तर ओहममध्ये फारसा फरक दिसत नाही. इंडक्टन्स मात्र धाडकन खाली येतो.

त्यानं लॅपटॉपच्या हेडफोन सॉकेटमधून ४०० हर्ट्झचा सूर दिला, जेमतेम ०.१ व्होल्टचा. ४०० च का? याच्या फार वर गेलं, की स्वस्तातले मल्टिमीटर एसी व्होल्टेज भरवशानं दाखवत नाहीत. पुढचं गणित शाळेतलं. कॅटलॉगप्रमाणे ए-१० ला एकीकडे ५०० ओहमची जोडणी करता येते, दुसरीकडे ५०,०००. म्हणजे शंभर पट. वेढ्यांचं प्रमाण त्याचं वर्गमूळ, म्हणजे दहा. ०.१ व्होल्ट दिले तर साधारण एक व्होल्ट मिळायला हवा.

पहिल्या डबीनं दिला. दुसरीनं ०.१ च दाखवला. जोडण्या तपासल्या, वायर बदलली, पुन्हा तेच! लेबल ए-१० चं आणि पोटात ए-२० चा कारभार.

विकणाऱ्याचं पहिलं उत्तर, ‘फोटोत लेबल स्पष्ट दिसत होतं.’ मित्रानं दोन्ही डब्यांचा मीटरसकट व्हिडिओ पाठवला, तोही रिटर्नची मुदत संपायच्या आत. आठवडाभरानं त्या डबीचे पैसे परत आले. कस्टम्सचे मात्र गेले ते गेलेच. उरलेला एकुलता ए-१० सध्या त्यांच्या गायिकेच्या माइकवर आहे. ढोलकीवाला ‘मला कधी?’ म्हणून मागे लागलाय.