सातबाऱ्यातली आत्या

आपलं घराणं किती जुनं, हे आजोबांना कधी विचारलंत? आता पारशिवनीच्या तहसील कार्यालयातही विचारा. सातबाऱ्यावरचा फेरफार क्रमांक धरायचा अन् एकेक पिढी मागं जायचं. कोण वारलं, वारस कोण, वाटणी कशी झाली, सगळं फेरफारात सापडतं. आपल्याकडं मालगुजारी 1951 मध्ये संपली. त्याआधीच्या कागदांत एखाद्या मालगुजाराचं कूळ म्हणून पणजोबा भेटू शकतात.

आणि आत्या? तिचं नाव बऱ्याचदा हक्कसोडपत्रावरच्या सहीपुरतं. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तरी सह्या होतातच. वंशावळीत तिचंही नाव लिहा. अन् ती सही कशी झाली, हे तिलाच विचारा.